कडयेक पुराचो नाय

शाळेच्या पत्रात सगळं होतं. ‘नात्सु मात्सुरी’, म्हणजे उन्हाळी जत्रा, जुलैच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी १० ते दुपारी ३. मुख्याध्यापकांचं भाषण १०:०५ ला सुरू, १०:१२ ला समाप्त. बॉन ओदोरी नावाचा नाच १४:१० ते १४:३५. पाऊस आला तर काय, याचं एक वेगळं पान होतं. पाऊस येणार की नाही हे शाळा किती वाजता ठरवणार, तेही त्यात दिलेलं होतं : सकाळी ६:३०.

आई वेंगुर्ल्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. तिला हे पत्र वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि देव खंयचो?”

प्रश्न रास्त होता. तिच्या लेखी जत्रा म्हणजे आंगणेवाडी. तिची तारीख पंचांगात नसते. भराडी देवीचा कौल मिळाला की तारीख फुटते आणि मुंबईचे चाकरमानी रेल्वेच्या रिझर्वेशनवर तुटून पडतात. इथे देव नव्हता, पालक-शिक्षक संघ होता. त्यानेही कौल घेतलाच होता, पण गूगल फॉर्मवर, आणि त्यात माझ्या वाट्याला कचऱ्याची ड्युटी आली होती. सकाळी ११ ते ११:४०.

आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. सन २००० उजाडलं की संगणकांना वर्ष कळेनासं होईल, या धास्तीने जपानी कंपन्यांनी भारतातून इंजिनियर बोलावले. इथून तोझाई लाइन सरळ ऑफिसच्या दारात नेते, म्हणून ते इथे उतरले. जगबुडी काही झाली नाही, पण उतरलेले उतरलेच. आता स्टेशनाजवळ कढीपत्ता मिळतो, आमच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले, आणि कोथरूडला एका सोसायटीत राहून ज्यांनी एकमेकांकडे कधी बघितलं नसतं, ती माणसं इथे लिफ्टमध्ये “आज फोडणीला हिंग जास्त झालाय का हो तुमच्याकडे?” असं विचारतात. शाळा आंतरराष्ट्रीय आहे. म्हणजे तिच्यात तमिळ, तेलुगू, गुजराती आणि मराठी अशी चार राष्ट्रं आहेत. शिवाय इंग्रजी आणि गणित पक्कं व्हावं म्हणून आईबापांनी घातलेली जपानी मुलं आहेत, ती घरी जाऊन “अय्यो” म्हणतात.

जुलैचा पहिला पंधरवडा इथल्या पावसाळ्यातच येतो. म्हणून आदल्या रात्री आमच्या कन्येने टिश्यू पेपरचा गोळा करून त्यावर दुसरा टिश्यू बांधला, डोळे काढले आणि तो बाहुला खिडकीत टांगला. तेरू तेरू बोझू. पाऊस येऊ नये म्हणून हा टांगायचा. त्याचं १९२१ सालचं एक बालगीतही आहे. त्याच्या शेवटच्या कडव्यात त्या बाहुल्याला धमकी आहे की, ऊन पडलं नाही तर तुझी मुंडी छाटीन. आईला हे फार आवडलं. आपण पावसाला पैसा कबूल करतो आणि तोही खोटा निघतो. हे सरळ मुंडीवर येतात.

साडेसहाला मेल आलं. जत्रा होणार. मुंडी वाचली.

आता युकाता. हा उन्हाळ्यात घालायचा सुती किमोनो. घामाला बरा असतो, असं तो विकणारे सांगतात. मी व्हिडिओ लावला, शेजारी आरसा ठेवला, आणि आरशातला मी व्हिडिओतल्या माणसासारखा हुबेहूब दिसेपर्यंत नेसत राहिलो. घात झाला तो आरशात. पण ते तेव्हा कळलं नाही. तेव्हा मी कन्येकडून फोटो काढून घेतला आणि तो सांगलीपासून सॅन होजेपर्यंतच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवला.

स्टेशनच्या पुलाखालून जाताना एक जपानी आजीबाई माझ्याकडे बघून जागच्या जागी थांबल्या. जपानी माणूस अनोळखी माणसाशी बोलत नाही. तोझाई लाइनच्या गर्दीत छातीला छाती लागली तरी बोलत नाही. या बाई मात्र तीनदा “सुमिमासेन”, म्हणजे माफ करा, म्हणाल्या आणि चौथ्यांदा काही न म्हणता त्यांनी थेट माझ्या कमरपट्ट्याला हात घातला. भर रस्त्यात. पट्टा सोडला, उजवी बाजू आत घेतली, डावी तिच्यावर आणली, पट्टा आवळला, पाठीवर एक थाप मारली, वाकून नमस्कार केला आणि गेल्या. सगळ्याला अर्धं मिनिट लागलं असेल. मी हात वर करून उभा होतो, विमानतळावर तपासणीला असतो तसा.

“बाबा, उजवी बाजू वर घ्यायची नसते,” कन्या म्हणाली. “तसं मेलेल्या माणसाला नेसवतात.”

“मग घरी का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं तुम्हाला माहितीय.”

आईला यात काहीच विचित्र वाटलं नाही. बाबांच्या श्राद्धाला भटजी ‘सव्य’, ‘अपसव्य’ म्हणतील तसं मी जानवं या खांद्यावरून त्या खांद्यावर नेत होतो आणि दर वेळी चुकत होतो, हे तिने बघितलेलं आहे. “मगे बरा झाला तिणा बघल्यान,” ती म्हणाली. “नायतर शाळेत तुझो पिंड घालूक बसले असते.”

फोटो तोवर सत्तेचाळीस जणांनी बघितला होता. एकाने लिहिलं होतं, “शोभतंय!”

शाळेच्या दारात कुपनं. हजार येनला शंभर-शंभरची दहा, वर एक फुकट. उरलेल्या कुपनांचे पैसे परत मिळणार नाहीत, ही सूचना तीन भाषांत. आईने शंभर येन म्हणजे रुपये किती ते विचारलं. पंचावन्न-साठ, असं सांगितल्यावर तिने अकरा कुपनांची ती पट्टी माझ्या हातून काढून घेतली, दुमडली आणि कनवटीला लावली. त्या दिवशीचं आमचं अर्थखातं तिथून चाललं.

आमच्या हिची ड्युटी वडापावच्या स्टॉलवर. या वडापावाची कहाणी जरा दुःखाची आहे. अशा जत्रेत घरून काही करून आणता येत नाही, म्हणून वडे एका भारतीय हॉटेलातून आले आणि इथे नुसते तळले. आपला पाव मिळाला नाही, म्हणून बटर रोल. तो गोड असतो. आणि आरोग्य खात्याच्या नियमांत तात्पुरत्या स्टॉलवर कच्चं काही बसत नाही, म्हणून हिरवी चटणी बाद. उरली ती लसणाची सुकी. तीही चिमटीने घालायची नाही, मोजमापाच्या चमच्याने. हातमोजे घालून, डोक्याला जाळी बांधून, आमची ही एकेक वडा चिमट्याने उचलून रोलमध्ये ठेवत होती. वड्याला ऑपरेशन थिएटरात आणल्यासारखं वाटत असणार. समोर जपानी पालकांची रांग. प्रत्येक जण एकच विचारी : “कराई?” म्हणजे तिखट आहे का? “नाही” म्हटलं की घ्यायचे, एक घास खायचे, डोळ्यांत पाणी आणून “ओइशी!”, म्हणजे चविष्ट, म्हणायचे आणि चहाच्या मशीनकडे पळायचे. आमच्यातले लोक मात्र रांगेत उभे राहून, पैसे मोजून, खाऊन झाल्यावर, “पण कीर्ती कॉलेजजवळच्या वड्याची सर नाही,” असं सांगून जात होते. नऊ हजार किलोमीटर नसतील, पण साडेसहा हजार तरी आहेत हो मध्ये.

माझी कचऱ्याची चाळीस मिनिटं मी थोडक्यात सांगतो, कारण ती मलाही आठवायची नाहीत. तोक्योत रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ दिसत नाहीत. १९९५ मध्ये भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला गेला, त्यानंतर ते काढले गेले आणि लोक आपापला कचरा घरी नेऊ लागले. जत्रेत मात्र डबे होते : जळणारा, प्लास्टिक, पेट बाटली, बाटलीचं झाकण, कॅन, काच, आणि उरलेलं पेय ओतायची बादली. सात. माझ्याबरोबर पाचवीतली एक जपानी मुलगी होती. माझं काम लोकांना योग्य डबा दाखवणं. तिचं काम मी दाखवलेला डबा बदलणं.

तिथेच रामुने आली.

रामुने म्हणजे काचेच्या बाटलीतला सोडा. नाव ‘लेमोनेड’वरून घासत घासत झालेलं. बाटलीच्या मानेत गोटी. आईने ती बघितली मात्र, तिचा चेहरा बदलला. “ह्यो तर आमचो गोटी सोडा!” खरंच तोच. १८७०च्या दशकात हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने ही बाटली काढली, वायूच्या दाबाने गोटी वर चिकटून तोंड बंद राहावं म्हणून. खुद्द इंग्रजांनी ती केव्हाच टाकून दिली. टिकली ती आपल्याकडच्या जत्रांत आणि जपानच्या मात्सुरींत.

आमचे चिरंजीव सातवीत आहेत. त्यांनी प्लास्टिकचा दट्ट्या ठेवून बाटली दाबली, लगेच हात काढला आणि अर्धा सोडा स्वतःच्या शर्टवर घेतला. उरलेला प्यायला बाटली तोंडाला लावली तर गोटी घरंगळून पुन्हा तोंडाशी. सोडा बंद. उलटी केली, हलवली, तळाशी थाप मारली. शेजारी दोन तमिळ मुलं आणि एक जपानी बाप हेच करत होते.

आईने दुसरी बाटली मागवली. एक कुपन कनवटीतून निघालं. तिने बाटली पायरीवर टेकवली, दट्ट्या ठेवला, तळहाताने एकच दाब दिला आणि हात तसाच ठेवून थांबली. आतली खळखळ शांत होईपर्यंत. मग हात काढला. थेंब सांडला नाही. मग बाटलीच्या मानेवर बोट फिरवून तिने काहीतरी शोधलं. “हय बघ, दोन खळगे आसत. ते खाली करूचे. गोटी थंय बसता.” बाटली तिरपी केली. गोटी आज्ञाधारकपणे खळग्यात जाऊन बसली आणि आई घटाघट सोडा प्याली. जपानी बापाने टाळ्या वाजवल्या. आईने त्याचीही बाटली हातात घेतली आणि मालवणीत समजावलं. त्याला समजलं.

सुइकावारीत मी पडलो नाही. डोळे बांधायचे, गोल फिरवायचं, हातात काठी द्यायची आणि समोर ठेवलेलं कलिंगड फोडायला सांगायचं. बाकीच्यांनी ओरडून दिशा सांगायची. जपानी मुलांचं बरं चाललं होतं. “मिगी”, “हिदारी”, उजवीकडे, डावीकडे, चार पावलं, धप्प. मग आमच्या चिरंजिवांचा नंबर आला आणि चारही राष्ट्रं मदतीला धावली. एक म्हणाला मिगी, एक दाएँ, एक वलदु, एक लेफ्ट, एक “अरे डावीकडे, तुझ्या डावीकडे नाही, माझ्या!” त्या गदारोळात चिरंजिवांनी काठी उचलली ती थेट मुख्याध्यापकांच्या दिशेने. त्यांनी १०:१२ ला भाषण संपवलं होतं, तशाच वेळेवर ते बाजूला झाले.

आता मुख्य गोष्ट. मासे.

किंग्यो सुकुई म्हणजे गोल्डफिश पकडायचा खेळ. उथळ निळ्या टबात बोटाएवढे लाल मासे. हातात ‘पोइ’ : प्लास्टिकची गोल कडी, तिला मूठ, आणि कडीवर पातळ कागद ताणलेला. भिंगासारखं दिसतं. या कागदाने मासा उचलून वाडग्यात टाकायचा. कागद पाण्यात भिजतो, भिजला की फाटतो, फाटला की डाव संपला. कागदांना नंबर असतात. नंबर मोठा तसा कागद पातळ. नारा प्रांतात यामातोकोरियामा नावाच्या गावी याची देशपातळीवरची स्पर्धा होते, तीन-तीन मिनिटांचे डाव. आणि आमचा एदोगावा वॉर्ड तर गोल्डफिश पैदाशीसाठी जुना नावाजलेला. घराजवळच्या ग्योसेन पार्कात दर उन्हाळ्यात गोल्डफिशचा उत्सव भरतो. तेव्हा इथे मासा न पकडता घरी जाणं म्हणजे नागपुरात जाऊन संत्रं न खाणं.

मुलीने एक डाव खेळला. कागद फाटला. चिरंजीव खेळले. फाटला. दोघं मुकाट्याने बर्फाच्या गोळ्याकडे निघून गेली. खेळ इथेच संपायला हवा होता. पण टबाभोवती उकिडवे बसलेले सगळे बाप होते. मुलं केव्हाच उठून गेली होती, बाप बसले होते. बँकेतले, इन्शुरन्समधले, सिस्टम इंटिग्रेशनमधले. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. एकाने घड्याळ काढून खिशात टाकलं होतं. एक जण पुटपुटत होता, “टेन्शन इक्वली डिस्ट्रिब्यूट व्हायला पाहिजे.” मीही बसलो.

पहिला कागद मी पाण्यात सरळ थापला. फाटला. दुसऱ्या वेळी मासा पळाला, मी कागद घेऊन त्याच्यामागे टबभर पळालो. फाटला. तिसऱ्या वेळी मासा कागदावर आला. आला! तो पांढऱ्या कागदावर आडवा पडलेला मी या डोळ्यांनी बघितला. मग त्याने एकदा शेपटी मारली आणि भोकातून तो अगदी सावकाश खाली गेला.

“आई, आणखी एक कुपन.”

आई मागे उभी होती. तिने आधी टबात वाकून बघितलं. वेंगुर्ल्याच्या बाजारात ती कोळणीच्या टोपलीत बघते तसं. कल्ला उचलून बघायची सोय नव्हती.

“हे मासे?” ती म्हणाली. “एकय कडयेक पुराचो नाय.”

“आई, खायचे नाहीत ते.”

“मगे धरतंस कित्याक?”

याचं उत्तर मला देता आलं नाही. चौथा आणि पाचवाही फाटला. तेव्हा तिला राहवलं नाही. “सर वायच. माका दी ता.” आणि सहावारीचा ओचा खोचून ती त्या सगळ्या सिस्टम इंटिग्रेशनच्या मध्ये उकिडवी बसली.

मला एकदम आठवलं ते मिरगाचा पाऊस लागल्यावरचं. पहिल्या पुरात मासे प्रवाहाच्या उलट शेतात चढतात, त्यांना चढणीचे मासे म्हणतात. रात्री कंदील घेऊन सगळी वाडी व्हाळावर. पुरुष दांडे आणि कोयते घेऊन धावाधाव करायचे. आई परकरातली पोर होती तेव्हापासून जुनं लुगडं पाण्यात धरून एका जागी बसायची, असं ती सांगायची. इथेही तिने तेच केलं. कागद अर्धामुर्धा नाही, पुरता भिजवून घेतला, तिरपा पाण्यात सरकवला आणि टबाच्या कडेला नेऊन थांबली. हालचाल नाही. आम्ही सगळे बाप श्वास धरून बघतोय. “मागसून धरूचो नसता,” ती टबाकडे बघतच म्हणाली. “आपणान गप रवाचा. मासो आपसूक येता.” एक मासा कडेकडेने आला. तिने कागदाची कडी त्याच्या डोक्याच्या बाजूने वर घेतली. शेपूट कागदाबाहेर राहिली आणि मासा वाडग्यात पडला. कागद शाबूत. मग दुसरा. तिसऱ्याला कागद फाटला, तेव्हा तिने फाटक्या कागदातून स्टॉलवाल्याकडे बघितलं आणि म्हणाली, “कागद कसलो वापरतत!”

स्टॉलवाल्याने दोन मासे पाण्याच्या पिशवीत घालून, दोरी लावून, दोन्ही हातांनी तिला दिले. मलाही एक देऊ केला. एकही न मिळालेल्याला एखादा देतात. मी स्वाभिमानाने नको म्हटलं. शेजारच्या इन्शुरन्सवाल्याने घेतला.

१४:१० ला ढोल वाजला. मैदानाच्या मधोमध लाकडी मचाण, त्यावर ताइको, भोवती गोल करून नाच. ‘तांको बुशी’ हे त्यांचं सगळ्यांना येणारं गाणं, क्यूशूतल्या कोळशाच्या खाणीतलं. नाचही खाणीतलाच : दोनदा खणायचं, दोनदा पाटी खांद्यावरून मागे टाकायची, डोळ्यांवर हात धरून वर बघायचं, वाघीण ढकलायची, टाळी. त्या गाण्यातली मिइके खाण १९९७ मध्ये बंद झाली. आता आमच्या शाळेच्या मैदानावर दोन-अडीचशे सॉफ्टवेअर इंजिनियर चेहरा गंभीर ठेवून कोळसा खणत होते. ज्याने आयुष्यात कधी गादीसुद्धा उचलली नाही, तो पाटी टाकत होता. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर पुढे होता, तो फक्त डोळ्यांवर हात धरून वर बघत होता.

हा नाच पितरांसाठी असतो, हे मुलीने आजीला सांगितलं. ओबोनमध्ये पूर्वज घरी येतात. तोक्योत जुलैच्या मध्यावर, बाकी बऱ्याच ठिकाणी ऑगस्टात. ते आले म्हणून नाचायचं.

“आमी कावळ्याची वाट बघीत बसतंव,” आई म्हणाली, “आणि हे नाचतत.” मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून : “तुझो कपडो सकाळी होतो तोच बरो होतो. हयसर तुकाच मान मिळालो असतो.”

तिने माशांची पिशवी माझ्या हातात दिली आणि गोलात शिरली. खणायचं ते तिने नीट खणलं. चौदा पस्तीसला ढोल थांबला. तीन वाजता मैदानावर जत्रेची एक खूणही उरली नव्हती. आईच्या कनवटीला एक कुपन शिल्लक राहिलं. ते पैसे परत मिळणार नाहीत हे तिला मी दोनदा सांगितलं, तिने काउंटरवर जाऊन ते दाखवलं, मालवणीत बोलली, आणि एक रामुने घेऊन आली.

दोन माशांना आईला पडलेलं कुपन एक. टाकी, पंप, खडे, खाद्य आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध मिळून नऊ हजार दोनशे येन. हा आकडा आईला अजून सांगितलेला नाही. माशांना नावं तिनेच ठेवली : बांगडो आणि पेडवो. चतुर्थीला घरात माणूस हवं म्हणून ऑगस्टात ती वेंगुर्ल्याला परतली. आता रविवारी व्हिडिओ कॉल लागला की आधी फोन टाकीकडे फिरवावा लागतो, मग नातवंडांकडे.

“केदो झालो?” ती विचारते.

बांगडो सव्वा बोट झाला आहे. कडयेक अजून पुराचो नाय.